डोंगराची प्रदक्षिणा

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात ईडेल नावाचं लहानसं गाव आहे. तिथून निघावं, जेकब्ज लॅडरची खडी चढण चढून किंडर स्काउटच्या पठारावर यावं, कड्याकड्यानं चालावं आणि ग्राइंड्सब्रुकच्या घळीतून पुन्हा ईडेलला उतरावं. आलेली वाट पुन्हा तुडवायची नाही. प्रदक्षिणेत कळस प्रत्येक बाजूनं निराळा दिसतो, तसा इथं डोंगर दिसतो. पायाखाली काळी, दलदलीची माती, वाऱ्यानं घासलेले वालुकाश्म. दक्षिणेला मॅम टॉर टेकडीपलीकडे चुनखडीचा उजळ, हिरवा मुलूख. एवढ्याशा फेरीत दोन्ही भूमी भेटतात.

ही वाट सहज खुली झालेली नाही. हे माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफिल्डकडचे शेकडो कामगार तरुण बंदी मोडून किंडरवर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो, कारण त्यांनी मागितलं काय, तर सुटीच्या दिवशी डोंगरावर चालू द्या, एवढंच! १९५१ मध्ये हा प्रदेश ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. मोकळ्या माळांवर पायी हिंडण्याच्या हक्काचा कायदा व्हायला मात्र २००० साल उजाडलं.