पोटभर जेवलेल्यांचा आरोप

स्वस्त थाळी देणाऱ्या शिवभोजन केंद्रांची सरकारकडे बिलं थकल्याची बातमी वाईट होतीच. पण तिच्यावर जे बोललं गेलं त्याने डोकं उठलं. ‘बरं झालं, फुकट खाऊन लोक आळशी झालेत,’ असं चांगली शिकलेली, दोन वेळा पोटभर जेवणारी माणसं म्हणतात. निधी नाही, थाळ्यांच्या आकड्यांत घोळ होतो, ही कारणं तपासायला लेखापरीक्षक आहेत. आळसाच्या आरोपाला मात्र उत्तर द्यायलाच हवं.

मुळात ही थाळी फुकट नाही. 10 रुपये मोजून 30 ग्रॅमच्या 2 चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण मिळतं. एवढ्यावर कुणाला सुस्ती येईल? बाजार समितीजवळच्या केंद्रावर भर दुपारी जाऊन बघा. रांगेतल्या हमालाच्या मानेवर पोत्याचे वळ असतात, आणि ताट संपलं की तो हात धुऊन पुन्हा गाडीकडे पळतो. सरकारी रुग्णालयाबाहेरच्या रांगेत तपासण्यांचे कागद छातीशी धरलेली बाई असते. आत खाटेवरच्या नवऱ्याला जेवण मिळतं, त्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या तिला नाही. यांतलं आळशी कोण, ते बोट दाखवून सांगा.

रेशनचंही तसंच. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम. तेल, मीठ, भाजी, गॅस विकतच घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कामावर जावंच लागतं. 1972च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात लाखो माणसं उन्हातान्हात खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. पुढे 1977मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. उपाशी माणूस काम मागतो, हा आपल्याच राज्याचा अनुभव आहे. आळस करायला आधी पोट भरलेलं लागतं.

फुकट जाणाऱ्या अन्नाची एवढी चिंता असेल, तर लग्नाच्या पंगतीत अर्धं ताट टाकणाऱ्यांना आधी बोला. आणि गरिबांना केळी वाटताना फोटो काढू नका. घेणाऱ्याची मान खाली जाते.

करण्यासारखं बरंच आहे. जवळच्या बांधकामावर परगावचं कुटुंब राहत असेल, तर गावाकडच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं, हे त्यांना सांगा. दुकानातल्या मशीनवर एखाद्या आजीचा अंगठा उमटत नसेल, तर तिच्याबरोबर पुरवठा कार्यालयात जा; एकटीला परत पाठवतात, सोबत कुणी असलं की ऐकून घेतात. हे जमत नसेल, तर राहू द्या. निदान जेवणाऱ्याला आळशी म्हणू नका.