मुक्कामाची गाडी

दारातल्या जुन्या मॅटॅडोरच्या टपावर गेले पंधरा दिवस खडूनं आखलेली एक चौकट आहे. पहाटे दूध आणायला बाहेर पडलो की आधी तिकडं नजर जाते. रात्रीच्या दवानं खडू फिका पडलेला असतो, मी पुन्हा रेघ ओढून ठेवतो. त्या रेघेवर पत्रा कापायचा, कापलेला टप चार दांड्यांवर दोन हात वर उचलायचा आणि मधली जागा जाड सुती कॅनव्हासनं बंद करायची, असा बेत आहे. चालताना गाडी बुटकी राहील, घाटात वारा कमी धरेल. थांबली की आत माणूस ताठ उभा राहील. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर बसवलेली अशी उघडमिटीची घरं लोक वर्षानुवर्षं वापरतात, जुनी झाली की पुन्हा नीट करून पोरांना घेऊन बाहेर पडतात. त्यांचे फोटो मी आईला दाखवले. ती म्हणाली, "हे तर आपल्या गाडीगत झालं."

आपली गाडी म्हणजे बैलगाडी. आई आता ऐंशीची आहे. लहानपणी ती मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुकेच्या जत्रेला गेली होती. कोल्हापूरची माणसं आजही हजारोंनी जातात, एसटीनं, ट्रॅव्हल्सनं, ट्रकनं. तेव्हा बैलगाड्यांची रांग निघायची आणि कागल, निपाणी, संकेश्वर असे मुक्काम पडत जायचे. दिवसभर ती नुसती गाडी असायची, धुरळा आणि हादरे. सांजच्याला बैल सोडले आणि जूखाली टेकू दिला की तिचं घर व्हायचं. वरून ताडपत्री ओढली की भिंत, तीन धोंडे मांडले की चूल, गाडीखाली कडबा पसरला की अंथरूण. आई आणि तिच्या बहिणी दोन चाकांच्या मधे निजायच्या. जोगुळभावीची आंघोळ, डोंगरावरची गर्दी, परतल्यावर इथल्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा, हे सगळं ती सांगते. पण सगळ्यात जास्त वेळ सांगते ते मुक्कामाचं. देवीचं दर्शन क्षणभराचं, मुक्काम रात्रभराचा.

मला या कामाचा अर्थ तिच्याकडून कळला. मी आधी गाडीत काय काय मावेल याची यादी करत होतो. आता मी एकच बघतो, की गाडी थांबल्यावर किती लवकर घर होते.

मॅटॅडोर या कामाला चांगली, याला कारण आहे. बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, १९६९ च्या सुमारास ती आपल्याकडं आणली, मूळ आराखडा जर्मन. तिच्या इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना आहे. मागच्या चाकांपर्यंत फिरता दांडा न्यायचा नसल्यामुळं तळ जमिनीच्या जवळ राहतो. म्हाताऱ्या माणसाला चढायला सोपं, आणि उंचीही आतच मिळते. आमच्या वडिलांनी ती जुनीच घेतली होती, तिच्यातून मार्केट यार्डात गूळ नेला. अजून तळाच्या फटीत उन्हाळ्यात तो वास येतो. गूळ ओल धरून ठेवतो, म्हणून गंजही तिथंच. पहिला महिना सगळा त्या तळातच गेला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोकत पुढं सरकतात. आवाज खणखणीत आला तर पत्रा, बद्द आला तर लांबी भरलेली, आणि लांबीखाली बहुतेक वेळा भोक. चांगला जुना पत्रा ते काढू देत नाहीत. "ह्यो जाड हाय. असा आता मिळायचा न्हाई." त्यांच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट मी रोज मनात घोळवतो. टप हा नुसतं झाकण नव्हे. त्याच्या आडव्या कमानी दोन्ही बाजूंच्या भिंती धरून ठेवतात. सरळ कापला तर भिंती फाकतील, दारं लागणार नाहीत. म्हणून कापायच्या रेघेच्या बाहेरून आतल्या अंगानं चौकोनी पाइपाची चौकट आधी वेल्ड करायची, तिनं भार घेतला याची खात्री करायची, मग करवत. उचलायला डिकीचे गॅसचे दांडे लागतात. टपाच्या वजनाला ते नेमके हवेत. जोर जास्त झाला तर टप खाली बसत नाही, कमी झाला तर रात्री डोक्यावर येतो. कॅनव्हास सुतीच घ्या, असं त्यांनी सांगितलं. पावसात सूत फुगतं आणि विणीतली भोकं आपोआप मिटतात. पण गगनबावड्याच्या पावसात भिजलेला कॅनव्हास तसाच मिटून ठेवला तर आठवड्यात बुरशी. घरी आलं की पुन्हा उघडून वाळवायला हवा.

असलं जुळवाजुळवीचं शहाणपण या गावात मुरलेलं आहे. बाबूराव पेंटरांनी विदेशी यंत्र समजून घेत इथंच स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार चौकात येते तेव्हा मी पुढं जाऊन उभा राहतो, आणि इतक्या वर्षांत तिला ज्या हातांनी चालती ठेवली त्या हातांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

चौकट वेल्ड झाली आहे. करवत मात्र थांबली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. मला हा नियम योग्य वाटतो. ज्या गाडीत आई आणि नातवंडं निजणार, तिच्या ताकदीकडं दुसऱ्या कुणीतरी कोऱ्या नजरेनं बघायलाच हवं. नकाशा आणि अर्ज आरटीओकडं दिलाय. परवानगी नाहीच आली तर टप आहे तसा राहील आणि बाजूला ताडपत्रीचा मांडव घालू, बैलगाडीसारखा.

आज सकाळी आईला हात धरून आत नेलं. मिस्त्रीही आले होते. तिनं फळीवर पाठ टेकली, थोडा वेळ वर बघितलं, मग कुशीवर वळली. म्हणाली, "हितं उजेड पायजे. चाकाच्या आऱ्यांतनं मला पहाट दिसायची." मिस्त्रींनी खिशातला खडू काढला, तिच्या डोळ्यांच्या रेषेत वाकून पत्र्यावर वितीएवढी एक खिडकी आखली, आणि विचारलं, "आज्जी, हितंच का जरा खाली?"

"जरा खाली," आई म्हणाली.