खालीची मात्रा

तबल्याच्या पहिल्या पाठात, बोटे अजून शाईवर पडलेलीही नसतात तेव्हा, गुरू शिष्याला हातावर ताल धरायला शिकवतात. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिलीला, पाचवीला आणि तेरावीला टाळी द्यायची, आणि नववीला टाळी न देता हात अलगद बाजूला न्यायचा. त्या जागेचे नाव खाली. लहानपणी मला ही जागा विसाव्याची वाटे, म्हणून तिथे मी मात्रा मोजणेच सोडून देई, आणि गुरुजी मला तिथेच थांबवून पुन्हा समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, सुरू करायला लावीत. टाळी जरा पुढेमागे झाली तर ते एकवेळ सांभाळून घेत, पण खाली हरवलेली त्यांना चालत नसे. या एका शब्दापाशी मी पुष्कळ वर्षे रेंगाळलो आहे, आणि त्याचा सर्वांत आतला पदर मला दिसला तो लंडनच्या चार्ली वॉट्स या ड्रमवादकाच्या उजव्या हातात.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधून जे वाद्यगट जगभर गाजले, त्यांतल्या रोलिंग स्टोन्समध्ये चार्ली १९६३ च्या जानेवारीत आला आणि २०२१ मध्ये देह ठेवीपर्यंत तिथेच राहिला. ड्रमच्या संचात हाय-हॅट नावाची झांजांची एक जोडी असते. उजव्या हाताने तिच्यावर बारीक लय अखंड चालवायची आणि डाव्या हाताने चार मात्रांतल्या दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअर नावाच्या ड्रमवर ठाम आघात द्यायचा, ही रॉक संगीतातली रूढ रीत, आणि त्या आघाताच्या क्षणी बहुतेक वादकांचे दोन्ही हात एकदम पडतात. चार्लीचा उजवा हात मात्र नेमका त्या क्षणी झांजेवरून वर उचलला जाई. झांज तेवढ्यापुरती गप्प, आणि स्नेअरचा तो एकटा आघात भोवती मोकळी हवा घेऊन उभा. ही सवय पहिल्या दिवसापासूनची नव्हे. १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तर तो चारही मात्रांना स्नेअर वाजवतो, एकही जागा सोडत नाही. वय आणि वादन जसजसे मुरत गेले तसतसा तो हात वर जाऊ लागला, आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. मी जेव्हा प्रथम ते चित्रफितीत पाहिले, तेव्हा मला गुरुजींचा बाजूला जाणारा तळवा आठवला, कारण हाही हात थांबत नव्हता, हाही मोजत होता.

मात्रा सुटली आणि मात्रा सोडली, या दोहोंत जे अंतर आहे तेच खालीचे मर्म आहे. तबल्यावर खाली आली की डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा मागे सरतो, ‘धा’चा ‘ता’ होतो, आणि त्या उण्या झालेल्या नादावरूनच गायकाला कळते की आपण आवर्तनात कुठे आहोत, सम किती दूर आहे; म्हणजे जे वाजत नाही तेच वाट दाखवते. नामस्मरण करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. दोन उच्चारांच्या मधला श्वास नामाविना असतो, आणि तरी स्मरण त्यात खंडित होत नाही, उलट त्या श्वासावरच ते तोललेले असते.

चार्लीच्या हातात वाद्य आले तेही काहीतरी काढून टाकूनच. १९४१ मध्ये लंडनमध्ये जन्मलेला, रेल्वेसाठी मालमोटार चालवणाऱ्या बापाचा हा मुलगा. चौदाएक वर्षांचा असताना त्याने एक बॅन्जो घेतला, तो काही त्याला साधेना, तेव्हा त्याने त्याची मान उतरवून ठेवली आणि उरलेले चामडे मढवलेले पोकळ कडे स्टँडवर ठेवून तो त्यावर ब्रशने वाजवू लागला, कारण जॅझ ड्रमवादक चिको हॅमिल्टनचे ब्रशवादन ऐकून त्याचा जीव तिथे गुंतला होता. स्वर निघायचे ते सारे गेले आणि पोकळी तेवढी राहिली, आणि त्या पोकळीतून वादक निघाला. पुढे तो कलाशाळेत शिकला, जाहिरातसंस्थेत चित्रकार झाला, जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर त्याने एक चिमुकले चित्रपुस्तक केले. मनाने तो जॅझचाच राहिला, आणि जॅझचा असूनही एकल ड्रमवादनाचा त्याला कधी सोस वाटला नाही. रिकाम्या जागेवर प्रेम असलेल्या माणसाला ती स्वतःच्या वादनाने भरून टाकावीशी कशी वाटेल?

मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो: खाली म्हणजे तळाशी. ड्रमवादक मागे बसतो, आणि बहुतेक गटांत बाकीचे सारे त्याच्या तालावर चालतात. स्टोन्समध्ये मात्र कीथ रिचर्ड्सचे गिटार पुढे निघे, चार्ली त्याच्याकडे डोळे लावून त्याच्या मागोमाग जाई, आणि त्या केसभर अंतरातून ती झुलती, आता तुटेल की काय असे वाटणारी आणि कधीच न तुटणारी चाल निर्माण होई. कीर्तनात मृदंगी असाच बुवांच्या मागे उभा राहून बुवांचा श्वास ऐकत असतो. पण सज्जनहो, खाली असणे आणि खालचा असणे यांत गल्लत होऊ देऊ नये. १९८४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात मध्यरात्र उलटल्यावर गटाचा गायक मिक जॅगरने फोन करून ‘माझा ड्रमवादक’ कुठे आहे असे विचारले, तेव्हा चार्लीने दाढी केली, उत्तम शिवलेला सूट घातला, तो खाली आला, जॅगरला एक ठोसा लगावला आणि पुन्हा मला तसे म्हणू नकोस असे बजावले, ही हकीकत रिचर्ड्सने आत्मचरित्रात सांगितली आहे. ठोशाचे समर्थन मी करत नाही. पण पायाच्या दगडाला कोणी पायपुसणे म्हणू लागले, तर त्याने बोलावे हे मला पटते.

१९६७ पासून दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात तो झोपला, तिथल्या पलंगाचे त्याने रेखाचित्र काढले. खिडकीबाहेर किंचाळणाऱ्या पोरींचा जमाव, शेजारच्या खोल्यांत रात्रभर मैफली, आणि हा माणूस वही उघडून पलंग चितारतो आहे! ती चित्रे मला त्याच्या उचललेल्या हाताची भावंडे वाटतात, कारण तिथेही एक रिकामी जागा आहे आणि ती नोंदलेली आहे. जी जागा नोंदलेली नसते तिला खाली म्हणत नाहीत, तिला पोकळी म्हणतात, आणि तीही त्याच्या वाट्याला आली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर, चाळिशी उलटल्यावर, मद्य आणि हेरॉइन यांनी त्याला ओढून नेले, घर मोडायच्या बेतात आले. मात्रा खरोखरच सुटू लागल्या होत्या. तिथून तो परतला, १९६४ मध्ये लग्न केलेल्या शर्लीबरोबरचा संसार अखेरपर्यंत टिकला, आणि २००४ मध्ये घशाचा कर्करोग झाला त्यातून बरा होऊन तो पुढच्याच वर्षी पुन्हा दौऱ्यावर गेला. आवर्तनात परत यायचे तर मोजणे पुन्हा सुरू करावे लागते, ते समेपासूनच.

त्या आजाराच्या एक वर्ष आधी, २००३ च्या एप्रिलमध्ये, स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले होते. मी तिथे नव्हतो, याची हळहळ अजून वाटते. ज्या शहरात घराघरांतून पोरे हातावर खाली मोजतात, तिथे तो हात उचलला जाताना पाहायचे राहून गेले.

आपल्याकडे एक ताल असा आहे की ज्याची समच खालीवर पडते. रूपक. सात मात्रा, पहिलीलाच ‘तिं’, डग्गा गप्प, आणि आवर्तन तिथूनच उचलायचे. नवख्याला हे सगळ्यांत अवघड जाते. २४ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, चार्ली लंडनमध्ये गेला. त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन वाजवणार हे आधीच ठरले होते, दौराही ठरलेला होता, आणि २६ सप्टेंबरला अमेरिकेत सेंट लुईसच्या स्टेडियममध्ये पहिला जाहीर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा रंगमंचावर कोणीही नव्हते. मागच्या पडद्यावर चार्लीची छायाचित्रे एकामागून एक येत होती, आणि त्या रिकाम्या मंचावरून नुसता ड्रमचा ठेका ऐकू येत होता.