घेणारीचा चेहरा

मराठवाड्यावर संकट आले की त्याच्या मागोमाग एक ठरावीक फोटो येतो. मध्ये एक म्हातारी किंवा विधवा. तिच्या हातात ब्लँकेट, शिध्याचे पाकीट किंवा धनादेश. त्या एका वस्तूला सहा-सात जणांचे हात लागलेले, आणि हात लावणारे सगळे कॅमेऱ्याकडे पाहत असलेले. ती मात्र खाली पाहते. दुसऱ्या दिवशी हा फोटो दैनिकाच्या जिल्हा पानावर येतो. त्याआधीच तो शेकडो मोबाइलांवर फिरलेला असतो. खाली देणाऱ्यांची नावे पदांसह छापतात. घेणारी फक्त ‘लाभार्थी’ असते. हा फोटो अनैतिक आहे आणि तो काढणे थांबले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. मदत थांबवा असे मी म्हणत नाही. फोटो थांबवा, असे म्हणतो.

आधी एका जुन्या समजुतीचा निकाल लावू. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, तिघांनी मिळून फोटो काढू नये, असे आपल्या आज्या-पणज्या मानत. यात तथ्य नाही. कॅमेरा माणसातून काहीही ओढून घेत नाही. अंगावर पडून परतलेला प्रकाश भिंगातून आत जातो आणि फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांवर किंवा आजच्या सेन्सरवर आपली खूण सोडतो, एवढाच तो व्यवहार आहे. म्हणूनच नुसत्या फोटोवरून वशीकरण करून देतो म्हणणारा बाबा हा ठग असतो, आणि त्याच्यासारख्यांना आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. पण आजीची कारणमीमांसा चुकली म्हणून तिची शंका पोकळ ठरत नाही. फोटोबरोबर माणसाचे काहीतरी खरोखरच दुसऱ्याच्या ताब्यात जाते. आपला चेहरा कोणी पाहावा, कोणत्या अवस्थेत पाहावा, कशासाठी पाहावा, हे ठरवण्याचा त्याचा अधिकार जातो. आजीला निदान काही जाते एवढे कळत होते. आपण शिकलेली माणसे मात्र काहीच जात नाही असे धरून चालतो.

कॅमेऱ्याचा इतिहास पाहिला तर हा अधिकार कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे स्पष्ट दिसते. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जगासाठी खुली झाली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान तिच्यात होते. आपल्या लोकांनी हे तंत्र लवकर आणि उत्साहाने आत्मसात केले, याचा अभिमान वाटावा. पण १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ काढला, त्यात माणसांचे फोटो जाती-जमातींचे नमुने म्हणून लावले. माणसाचे नाव गौण, जात मुख्य. आणि त्या जातीच्या स्वभावाविषयीचे शेरे सोबत छापलेले. ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे खंड आठवावेत. कॅमेऱ्याने चेहरा खरा टिपला होता. त्याच्याखाली लिहिणाऱ्याने पूर्वग्रह लिहिला आणि फोटोच्या खरेपणाची साक्ष त्या पूर्वग्रहाच्या कामी लागली.

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे थोर कलावंत होते, त्यांच्या कारागिरीविषयी दुमत नाही. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली, म्हणजे खानदानी स्त्रीचा चेहरा परक्या पुरुषापुढे येऊ नये. पडद्याची प्रथा मला मान्य नाही, पण त्या व्यवस्थेमागे एक तत्त्व होते: जिचा फोटो काढायचा तिची मर्यादा आधी, फोटो नंतर. याच दीनदयाळांच्या स्टुडिओने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकामांचे फोटो काढले. त्यांचा उद्देश सरकार किती झटते आहे हे दाखवण्याचा होता. खडी फोडणाऱ्या, अन्नासाठी रांगेत बसलेल्या बायांसाठी कोणी वेगळ्या भिंती बांधल्या नाहीत. राज्य एक, छायाचित्रकार एक, काळही जवळपास तोच. फरक एवढाच की एकीच्या घरात अन्न होते आणि दुसरीच्या नव्हते. उपाशी बाईला मर्यादा नसते, हे तेव्हा कोणी बोलून दाखवले नाही. आजही बोलत नाही. वागतो मात्र तसेच.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. फोटो नसते तर भूकंपानंतर किल्लारीला मदत आली असती का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून झोपलेल्या गावांवर घरे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या पडझडीचे फोटो देशभर, जगभर पोचले आणि मदतीचा ओघ लागला. हे सगळे खरे आहे, आणि ते फोटो काढणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

पण त्या फोटोंनी नेमके काय केले, हे बारकाईने पाहू. धरणीकंप म्हणजे देवाचा कोप, असे तेव्हा किती जण म्हणत होते! फोटोत दिसत होते ते वेगळेच. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, दगड नुसत्या मातीत रचलेले, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे जोडदगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचा कित्येक टन मातीचा भार. जमीन हलली, थर सुटे झाले, माळवद खाली आले. हा धक्का जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत मध्यम होता. इतकी माणसे घरांच्या बांधणीने मारली. फुटलेल्या भिंतीचा एक स्वच्छ फोटो कोपाच्या शंभर कहाण्या खोट्या पाडू शकतो. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि भूकंपाला टिकणारी बांधणी कशी करावी हे गावोगावच्या गवंड्यांना शिकवावे लागले. त्या शिकवणीला भिंतीचा फोटो हवा होता. ढिगाऱ्याशेजारी ऊर बडवणाऱ्या आईचा चेहरा अगदी जवळून टिपला नसता, तरी या पुराव्यात काही उणे पडले नसते.

तरीही चेहऱ्याने मन हलते, भिंतीने हलत नाही, हे मी नाकारत नाही. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शेतमजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने मुलांना बिलगून बसलेल्या एका आईचा फोटो काढला. तो छापून आला आणि सरकारने त्या तळावर अन्न धाडले. अन्न पोचले तोवर ती बाई मुलांसह पुढच्या कामावर निघून गेली होती. लँगने तिचे नावही विचारले नव्हते. तिचे नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळले. तेव्हा म्हातारी झालेल्या त्या बाईने आपल्याला या फोटोतून एक पैसाही मिळाला नाही, असे सांगितले. बेचाळीस वर्षे ती साऱ्या जगाला दारिद्र्याची खूण म्हणून माहीत होती. त्या फोटोने इतरांचे भले झाले असेल. म्हणून तिचे देणे फिटले असे होत नाही. आणि ध्यानात घ्या, लँगचा हेतू शुद्ध होता. ती स्वतः त्या फोटोत उभी नव्हती.

आपल्याकडच्या वाटपाच्या फोटोत देणारा उभा असतो. त्यामुळे पारखायची रीत सोपी आहे. त्या फोटोतून देणारा वगळून पाहा. उरलेला फोटो तरीही काढण्याजोगा, छापण्याजोगा वाटतो का? वाटत असेल, तर तो संकटाचा पुरावा आहे. संमती घेऊन जरूर काढा. वाटत नसेल, तर तो फोटो देणाऱ्याचा होता. घेणारी त्यात केवळ सामान म्हणून उभी केली होती. २०१६ च्या दुष्काळात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावे लागले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. टाकीपुढच्या घागरींच्या रांगेचा फोटो शासनाला जाब विचारत होता. त्याच महिन्यात मांजरेच्या पात्रातल्या कामावर तेव्हाच्या मंत्र्यांनी काढलेला सेल्फी कोणाला कसला जाब विचारत होता?

दुसरा आक्षेप हिशेबाचा. फोटो नसेल तर वाटप झालेच नाही, मधल्यामध्ये खाल्ले, असे लोक म्हणतील. संस्थांना देणगीदारांना दाखवावे लागते, कार्यालयांना वरिष्ठांना. या युक्तिवादात फोटोवरची जी श्रद्धा आहे ती वशीकरणवाल्या बाबाच्या गिऱ्हाइकाइतकीच आंधळी आहे. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाइलवरच्या फोटोने घेण्याची सक्ती झाली. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच बजावावे लागले की भलतेच फोटो, इतकेच काय फोटोचे फोटो, हजेरी म्हणून चढवले जात आहेत. हिशेब नोंदवहीने राहतो, खात्यावर जमा झालेल्या रकमेने राहतो, गावात जाहीर वाचलेल्या यादीने राहतो. आणि फोटोच हवा असेल तर गोदामातल्या पोत्यांचा काढा. पोत्याला लाज नसते.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासनाकडून एक लाख रुपये मिळतात. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. त्यासाठी त्या बाईला आधी नवऱ्याचे मरण ‘पात्र’ ठरवून घ्यावे लागते. कर्जाचे कागद, सातबारा, पंचनामा, समितीची बैठक. एवढे सोसून ती धनादेशापर्यंत पोचते, आणि तिथे तिला सांगितले जाते की जरा इकडे बघा. शेजारी तिची पोरे उभी असतात. उद्या त्यांच्या वर्गात तो फोटो प्रत्येक मोबाइलमध्ये असणार. हे तिने मान्य केले असते का, असे विचारणाऱ्याला उत्तर मिळते, ‘ती नाही म्हणाली नाही.’ जिच्या हातातला कागद तुमच्या हातून सुटायचा आहे, तिच्या गप्प राहण्याला संमती म्हणत नाहीत. याच तर्काने उघड्यावर बसणाऱ्या गरिबांचे फोटो काढत काही ठिकाणी ‘गुड मॉर्निंग पथके’ फिरली. ज्याच्याकडे संडास बांधायला जागा नाही, त्याची लाज हे शासनाचे हत्यार झाले, आणि सुशिक्षितांनी त्याचे कौतुक केले.

शासकीय मदत तर दानही नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे आणि पैसा त्याच्याच करातला आहे. सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचे फोटो नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी ठरवले होते. दहा महिन्यांत सरकारांनी तो निर्बंध सैल करून घेतला. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात आपल्या भागात आलेल्या मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे चेहरे छापलेले होते, हे आपण सर्वांनी पाहिले.

खासगी दान करणाऱ्यांना मात्र मी वेगळा प्रश्न विचारतो. आपण श्रद्धाळू आहात. देवळातल्या पेटीवर ‘गुप्तदान’ लिहिलेले असते आणि आपण त्यात मुकाट्याने पैसे टाकता. देवाला दिलेले गुप्त राहू शकते, मग माणसाला दिलेलेच जाहीर का करावे लागते? याच नांदेडात सचखंड हुजूर साहिबचा लंगर रोज चालतो. पंगतीत जिल्हाधिकारी बसो की हमाल, जमिनीवर एका ओळीत बसतो. वाढणारा कोण, धान्य कोणी दिले, जेवणारा कोणत्या जातीचा, हे कोणी विचारत नाही. इतक्या माणसांना जेवू घालायला कोणाही भुकेल्याच्या ताटापुढे दात्याला उभे करावे लागत नाही. ज्यांना हे अशक्य वाटते त्यांनी गुरुद्वाऱ्यापर्यंत चालत जावे.

बाबासाहेबांचा फोटो आपण प्रत्येक कार्यालयात लावला आहे. त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. चौकाचौकांतले फ्लेक्स आणि वाटपाचे फोटो ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. देणारा मोठा दिसण्यासाठी घेणारा लहान दिसावा लागतो, आणि लहान दिसण्याची सवय लागलेला माणूस पुढे मत मागायला आलेल्यापुढेही खालीच पाहतो.

कायदा अगदीच मुका नाही. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असा फोटो छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत राजस्थान सरकारने शिधावाटपाचे फोटो काढण्यावर बंदी घातली होती. तिकडे जमते तर इकडे का जमू नये?

पण मुंबईची वाट पाहण्याची गरज नाही. संपादकांनी वाटपाचा फोटो छापणार नाही असे ठरवले तर निम्मे फोटो निघणारच नाहीत. उरलेल्यांसाठी ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ती भरते. ठराव दोन ओळींचा पुरे: आमच्या गावात मदत घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो काढला जाणार नाही, वाटपाची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जाईल. असल्या ठरावाने मदत आटेल, अशी भीती गावातलेच कोणी घालतील. फोटोशिवाय द्यायला जो तयार नाही, तो काय घ्यायला आला होता, हे त्या दिवशी गावाला कळेल. तो ठराव मांडायला आणि त्याला अनुमोदन द्यायला दोन माणसे लागतात. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या एखाद्या बाईने तो मांडला, तर अनुमोदनाला शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी हात वर करावा.