सबुरीचा हिशेब

प्रतिगाम्याचा पुरोगामी माणसाला राग येतो. विषाद मात्र तो राखून ठेवतो मधल्या नेत्यासाठी, जो त्याचीच पुस्तके वाचतो, त्याच्याच शब्दांत बोलतो आणि ऐन निर्णयाच्या घटकेला ‘अजून थोडे थांबू’ म्हणतो. हिंदू कोड बिलाच्या इतिहासाकडे मी पुनःपुन्हा वळतो, कारण या विषादाचे इतके निखळ रूप अन्यत्र क्वचितच दिसते. स्त्रीचा वारसा, घटस्फोट, एकपत्नीत्व यांविषयी नेहरू आणि आंबेडकर यांच्यात तात्त्विक दुरावा फारसा नव्हता; अंतर होते ते काळाच्या जाणिवेचे.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये, प्रकृती ढासळत असताना, आंबेडकरांनी हे विधेयक लवकर तडीस न्यावे असे पंतप्रधानांना लिहिले. उत्तर आले ते सबुरीचे, विरोध सभागृहाच्या आतही आहे नि बाहेरही, याची आठवण देणारे. उत्तर खोटे नव्हते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्रतिकूल होते, पक्षातले सनातनी अडून बसले होते, पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. सप्टेंबरात चर्चा अर्ध्यावर गुंडाळली गेली आणि महिनाअखेरीस आंबेडकरांनी राजीनामा दिला. त्यांच्या निवेदनात कारणे इतरही आहेत, खात्यांच्या वाटपापासून अस्पृश्यांच्या उपेक्षेपर्यंत. पण कोड बिलाच्या प्रकरणी नेहरूंच्या प्रामाणिकपणावर त्यांनी संशय घेतला नाही, उणीव दाखवली ती तळमळीची नि निर्धाराची. पक्षप्रतोद पंतप्रधानांशी बेइमान आणि पंतप्रधान मात्र त्याच प्रतोदाशी एकनिष्ठ, हा त्यांचा टोला मला मध्यममार्गी नेतृत्वाचे अचूक निदान वाटतो: असे नेतृत्व आपल्या माणसांना गृहीत धरते आणि रुसणाऱ्यांची मनधरणी करते.

इतिहास मात्र इतका एकेरी नसतो. निवडणुकीचा कौल पदरी पडल्यावर नेहरूंनी तेच विधेयक चार तुकड्यांत, सौम्य करून का होईना, १९५५-५६ मध्ये मंजूर करून घेतले. मग सबुरी शहाणपणाची ठरली म्हणायची का? कदाचित, राज्यकर्त्याच्या बाजूने पाहिले तर मलाही तसेच वाटते. पण १९५३ साली जिचे वडील वारले, त्या मुलीला भाऊ असताना वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळाला नाही, आणि १९५६ चा वारसा कायदा मागे वळून तिच्यापर्यंत पोचला नाही. थांबायचे दिल्लीत ठरले. थांबली ती, आणि तिला कुणी विचारलेही नव्हते.

चौथा कायदा, दत्तक आणि पोटगीचा, २१ डिसेंबर १९५६ चा. आंबेडकर ६ डिसेंबरला गेले होते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो २००५ मध्ये. महाराष्ट्राने तो त्याआधीच, १९९४ मध्ये दिला होता. मात्र कायदा येण्यापूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुलींना वगळून.