पाहुणे गुरुजी

कंबोडियातल्या सिएम रीपला अंगकोर वाटची मंदिरं पाहायला जगभरातून माणसं येतात, आणि त्यांतली कित्येक आसपासच्या मुलांना इंग्रजी शिकवूनही जातात. कुणी दोन आठवडे, कुणी महिनाभर. अशा शिकवण्याला आता आपल्याकडची मुलंही निघतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून व्हिएतनाम, श्रीलंका, इजिप्त अशा ठिकाणी सहा-सहा आठवडे जायची सोय झाली आहे. विमानाचं तिकीट आणि संस्थेची फी आईवडील भरतात, पुढे परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक ओळ वाढते. हेतू वाईट असतो असं मी म्हणणार नाही. सुट्टीभर मॉलमध्ये हिंडण्यापेक्षा हे बरं, असंही कुणी म्हणेल. पण ज्याला शिकवायचं ते मूल पाच-सहा वर्षांचं आहे, ही गोष्ट या सगळ्या हिशेबात कुठेच येत नाही.

कंबोडियात इंग्रजीची भूक खरी आहे. 1975 ते 1979 या काळात, ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, शाळा बंद पडल्या आणि शिकलेली माणसं वेचून मारली गेली. शिक्षक त्यांत मोठ्या संख्येने होते. पुढची दहा वर्षं व्हिएतनामच्या पाठिंब्यावर चाललेल्या सरकारची. तेव्हा परकी भाषा म्हणून व्हिएतनामी आणि रशियन शिकवत. इंग्रजी शिकायची तर घरात, चोरून. मग 1992-93 मध्ये निवडणुका घ्यायला संयुक्त राष्ट्रांचे लोक आले आणि ज्याला चार वाक्यं इंग्रजीत बोलता येत होती त्याला ड्रायव्हरचं, दुभाष्याचं काम मिळालं. आज सिएम रीपमध्ये गाइड व्हायचं, हॉटेलात लागायचं, तर इंग्रजी हवीच. सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी दिवसातून एकाच पाळीत भरते, सकाळी किंवा दुपारी. उरलेला अर्धा दिवस इंग्रजीच्या वर्गाला मोकळा. त्या आईबापांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला तरी नाही. महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणली ती याच भुकेपोटी.

भूक खरी असली तरी वाढणारा मात्र दर पंधरवड्याला नवा असतो. नवा माणूस येतो, ए-बी-सी-डीपासून सुरुवात करतो, रंगांची नावं घेतो, डोकं-खांदे-गुडघे यांचं ते गाणं म्हणून घेतो आणि जातो. पुढच्याला आधीच्याने काय शिकवलं हे ठाऊक नसतं, म्हणून पुन्हा ए-बी-सी-डी. मुलंही तेच गाणं तितक्याच जोरात म्हणतात. पाहुण्याला काय आवडतं ते त्यांना केव्हाच कळलेलं असतं. वर्षानंतर रंग पाठ असतात, पण दोन ओळींचा मजकूर वाचता येत नाही. ख्मेर भाषेत एकाचे अनेक झाले तरी नाम बदलत नाही, काळ बदलला तरी क्रियापद तेच राहतं, आणि शब्दाच्या शेवटी ‘स’ उच्चारला जात नाही. साहजिकच इंग्रजी अनेकवचनातला शेवटचा ‘स’ ही मुलं गिळतात. गावातल्या शिक्षिकेला हे लगेच उमगतं, कारण लहानपणी तीही तो गिळायची. पाहुण्याला नुसती चूक दिसते. तो पुन्हा म्हणायला लावतो, मूल पुन्हा गिळतं.

लहान मूल भाषा शिकतं ते एखाद्या माणसाच्या नादाने, तो उद्याही येणार या भरवशावर. पहिल्याच तासाला गळ्यात पडणारी मुलं पाहून पाहुणे हरखतात, फोटो काढतात. मुलांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांना त्याच दृश्याची काळजी वाटते. माणसं सारखी येऊन निघून जात राहिली की मूल कुणालाही चटकन बिलगायला शिकतं, आणि विसरायलाही.

या सगळ्याची एक काळी बाजू आहे. पाहुणे पैसे देतात आणि त्यांना अनाथ मुलांना शिकवायला आवडतं, हे कळल्यावर कंबोडियात अनाथाश्रम वाढले. 2005 ते 2010 या पाच वर्षांत त्यांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. देशातले अनाथ काही त्या काळात तितके वाढले नव्हते. तपासणी झाली तेव्हा आश्रमांतल्या जवळजवळ चारांतल्या तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. शिक्षण मिळेल, इंग्रजी येईल, या आशेने गरीब घरांनीच मुलं सोपवली होती. 2011 मध्ये तिथे मोहीम निघाली: मुलं म्हणजे पर्यटकांनी पाहायची ठिकाणं नव्हेत. हे पर्यटकांना सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

परक्या मुलांना शिकवूच नये, असं माझं म्हणणं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 मध्ये कोसबाडला बालशिक्षणाच्या कामाला लागल्या, तेव्हा तिथल्या वारली आदिवासींच्या पाड्यांना त्या दोघीही परक्याच होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर नेली. अनुताई 1992 मध्ये गेल्या त्या कोसबाडच्या होऊन. एवढं कुणाकडे मागता येत नाही, मान्य. पण मधला मार्ग आहे. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या योजनेत स्वयंसेवकाची मुदत 27 महिन्यांची. त्यातले सुरुवातीचे सुमारे तीन महिने ज्या देशात काम करायचं तिथल्या कुटुंबात राहून तिथली भाषा शिकायची. 2007 पासून कंबोडियात त्यांचे स्वयंसेवक इंग्रजी शिकवतात, तेही स्थानिक शिक्षकाच्या जोडीने, त्याच वर्गात.

हाताशी सहाच आठवडे असतील तर ते मुलांना देऊ नयेत, शिक्षकांना द्यावेत. सिएम रीपच्या शिक्षिकेला इंग्रजीचं व्याकरण येतं. बोलायचा सराव नसतो, कारण बोलायला कुणी नसतं. संध्याकाळी तिच्याशी तासभर गप्पा मारणारा पाहुणा तिच्या वर्गाला खरा उपयोगी पडतो. फोटोत हे चांगलं दिसत नाही, एवढाच तोटा.

तुमच्या घरातलं कुणी असं निघालं असेल तर पैसे भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा: वर्गात स्थानिक शिक्षक असतो का, आणि तुम्ही आमच्याकडून गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला मागता का? जी संस्था कुणालाही, काही न विचारता, दुसऱ्यांच्या लहान मुलांमध्ये नेऊन उभं करते, तिच्याकडे आपलं मूल पाठवू नका.