सब्राची किंमत कोणी मोजायची?

आम्ही चहा पिणारी माणसे. तरीही कॉफीची गोष्ट निघाली की आम्हाला बाबा बुदन हटकून आठवतात. हजहून परतताना त्यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या, असे परंपरा सांगते. तो डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. पण ज्या डोंगरांतून बिया आल्या, तिथल्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, हे आम्ही सहसा विचारत नाही.

सना शहराच्या पश्चिमेला हराजचे डोंगर आहेत. उंच कड्यांवर दगडी घरांची गावे आणि खाली उतरत गेलेली पायऱ्यापायऱ्यांची शेते. प्रत्येक पायरीला रचीव दगडांचा बांध. पावसाचे पाणी वरून खाली झिरपते, माती जागेवर राहते. एक बांध ढासळला की खालच्यालाही धोका. म्हणून इथे आपल्यापुरते पाहून भागत नाही. कॉफीची फळे पिकतील तशी हाताने खुडायची, घराच्या धाब्यावर वाळवायची, मग टरफल काढायचे. बी बाजारात जाते. उरलेल्या टरफलात सुंठ-आले घालून ‘किश्र’ नावाचे पेय होते. येमेनी माणूस ते आवडीने पितो, हे खरे. पण बी विकावे आणि टरफल आपण उकळावे, यात आवडीइतकाच हिशेबही आहे.

पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कॉफी जवळ केली. 1511 साली मक्केत तिच्यावर बंदी आली. ती टिकली नाही. मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली आणि बंदराचे नाव पेयाला चिकटले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी तिची लागवड जावामध्ये नेली. मग इतर वसाहतींत गुलामांच्या श्रमांवर मोठमोठे मळे उभे राहिले. त्या स्वस्त मालापुढे पायऱ्यांच्या शेतातली मूठभर कॉफी मागे पडली. मोखाचे वैभव ओसरले.

आज याच डोंगरउतारांवर दुसरे एक झाड कॉफीशी स्पर्धा करते. त्याचे नाव कात. विड्यातला कात नव्हे. याची कोवळी पाने दुपारभर गालात धरून चघळतात, त्याने तरतरी येते. कॉफीचे रोप तीन-चार वर्षांनी फळाला येते आणि पुढेही बहुधा वर्षातून एकदाच पैसा देते. कात मात्र पाणी मिळाले की वर्षातून अनेकदा खुडता येतो आणि पैसा रोख मिळतो. पण तो पाणी पितो; आधीच तहानलेल्या देशाच्या विहिरी त्याच्यापायी खोल खोल जात आहेत. त्यात 2014-15 पासून युद्ध पेटले. रस्ते बिनभरवशाचे झाले.

अशा वेळी त्या शेतकऱ्याला ‘कात सोड, कॉफी लाव, पाणी वाचव’ असे सांगणे सोपे आहे. सांगणे चुकीचेही नाही. प्रश्न आहे तो सांगणाऱ्याचा. डोंगरातल्या संथ जीवनाचे आपल्याला फार कौतुक. निसर्गाशी जुळवून घेणारी, घाई नसलेली, समाधानी माणसे, असे आपण लिहितो. पण तो संथपणा म्हणजे तीन-चार वर्षे हातात पैसा नसणे. सब्र हा सद्गुण खराच. मात्र एकाने सब्र करायचा आणि दुसऱ्याने त्याची गोडी चाखायची, याला नीती म्हणायचे की सोय?

जोखीम न घेता नफा घेऊ नये, हा आमच्या वडीलधाऱ्यांनी व्यवहारात शिकवलेला जुना नियम. तो कॉफीच्या कपालाही लागू पडतो. झाड वाळले तर शेतकऱ्याचे, भाव पडला तरी शेतकऱ्याचे, आणि चव मात्र आपली. हा व्यवहार कायद्यात बसेल, न्यायात बसत नाही.

हराजमध्येच याचे एक उत्तर दिसते. तिथल्या दाऊदी बोहरा शेतकऱ्यांनी कातची झाडे उपटून कॉफी लावली. सय्यदना मुहम्मद बुऱ्हानुद्दीन यांचा तसा आग्रह होता, आणि त्यांची गादी आपल्या मुंबईत. पण केवळ आदेशावर चूल पेटत नाही. त्या आग्रहामागे जमातीचे पाठबळ उभे राहिले, म्हणून झाड बदलणे शक्य झाले. श्रद्धेवर उभी असलेली अशी साथ प्रत्येक शेतकऱ्याला कुठून मिळणार, ही शंका रास्त आहे. म्हणूनच ती साथ भावातून, आगाऊ रकमेतून, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या खरेदीतून यायला हवी. ते दान नव्हे. वाट पाहण्यातला तो आपला वाटा.

हे सारे दूरचे वाटत असेल तर आपल्या मेळघाटात पाहावे. चिखलदऱ्याच्या थंड हवेत कॉफी होते. आपण तिथे जातो, धुके पाहतो, ‘इथे वेळ थांबल्यासारखा वाटतो’ असे म्हणतो आणि मग विकणाऱ्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

बाबा बुदन यांनी सात बिया आणल्या. त्या कोणाच्या मेहनतीच्या होत्या, त्याचा हिशेब अजून बाकी आहे. तो फेडता येईल की नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही. पण डोंगरातल्या माणसाला सब्र शिकवण्याआधी आपण स्वतः त्याच्यासाठी किती दिवस थांबायला तयार आहोत, एवढे तरी आपण स्वतःला विचारायला हवे.